वेळ अमावस्येला शेतात बॅलेची तालीम

मंडळी, हे आत्ताच सांगते, नाहीतर मला झोप यायची न्हाई!

रविवारी नांदेडला आमचा बॅलेचा प्रयोग आहे. नाच शंभरेक वर्षांपूर्वीचा, तेव्हा लोकांना विचित्र वाटलेला. भुईला खूश करायला गाव एक पोरगी निवडतं आणि ती मरेपर्यंत एकटी नाचते. ती पोरगी मी. नाच बसवणारे सर रोज ओरडतात, "तू लई छान मरतेस. तिथंच चुकतंय!"

आज वेळ अमावस्या, भुईच्या पूजेचा सण. अख्खं लातूर शेतात, तालमीचा हॉल बंद. म्हणून चाकूरला आमच्याच शेतात, ज्वारीच्या कडेला अनवाणी उड्या मारत होते. भुईचा निवद म्हणून पिकात ताक-ज्वारीची आंबील शिंपडत काकू आली. तिला गोष्ट सांगितली.

"भुईला आंबील पुरती की गं," काकू म्हणाली. "पोरगी कुणी मागितली? भुईनं का गावानं?"

मी लगेच पुन्हा नाचले. या वेळी पाय आपटताना दरवेळी गावाला तेच विचारत होते. काकूला व्हिडिओ काढायला लावून सरांना पाठवला, तर लगेच त्यांचा फोन, "हेच! हेच पाहिजे होतं!"

तुम्ही त्या गावात असता तर काय उत्तर दिलं असतं? रविवारी या. मरायचं तर आहेच, पण आता गुपचूप न्हाई.