बाजूच्या बारीक कॉलन्या

आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. अंधेरीच्या कॉलेजात मॅडमनी मला प्रयोगशाळेत टेबल दिलं, तेव्हा मी त्यांच्या पाया पडले होते. त्यांच्या प्रकल्पात जागा एकच होती. मातीतला, औषधाला दाद न देणारा जीवाणू जो आधी शोधून सिद्ध करेल, त्याला ती मिळणार होती.

दुसरा उमेदवार मला एक वर्ष सीनियर, मुलुंडचा, आईवडील दोघेही प्राध्यापक. मी गोवंडीच्या कचरा डेपोजवळची माती आणली तेव्हा म्हणाला, "गावची सवय गं तुला, चिखलात हात घालायची."

अ‍ॅम्पिसिलिन हे जंतू मारणारं औषध घातलेल्या प्लेटवर मी ती माती पसरली आणि दुसऱ्या दिवशी एकच मोठी कॉलनी, म्हणजे जीवाणूंचा ठिपका, उगवली. तिच्यातलं थोडं मी नळीत जपून ठेवलं, वहीत नोंद केली, प्लेट परत इनक्युबेटरमध्ये ठेवली आणि जोडून आलेल्या सुट्टीत गावी गेले. परतले तर प्लेटच्या बुडावरचं माझं नाव स्पिरिटने पुसलेलं. तिथे त्याचं नाव होतं आणि मॅडमना दाखवूनही झालं होतं.

मी ओरडणार होते. तेवढ्यात दिसलं, मोठ्या कॉलनीभोवती बारीक बारीक ठिपके उगवले होते. मोठीने सोडलेल्या एन्झाइमने आजूबाजूचं औषध तोडलं होतं, त्या मोकळ्या जागेत हे साधे जीवाणू वाढले होते. ताज्या औषधावर ते एक दिवसही टिकले नसते. सुट्टीआधीची, एकाच कॉलनीची प्लेट त्याने पाहिलीच नव्हती.

"मधली पसरून चिकट झालीय," तो मागून येऊन म्हणाला. "बाजूच्या सुट्या बऱ्या, ना?"

"हो दादा, सुट्याच घे."

शुक्रवारी मॅडमना ताज्या औषधावर वाढवून दाखवायला त्याने त्या उचलल्या आणि जुनी प्लेट स्वतःच्या हाताने जंतू मारायच्या ऑटोक्लेव्हमध्ये टाकली. मी झाकण लावायला मदत केली.

शुक्रवारी मॅडमसमोर त्याच्या तिन्ही ताज्या प्लेटा कोऱ्या निघाल्या. माझ्या नळीतल्या जीवाणूने प्लेट भरून टाकली होती. मॅडमनी माझी वही उघडून सुट्टीआधीची नोंद वाचली, मग त्याच्याकडे पाहिलं.

नंतर त्याने मला बेसिनपाशी गाठलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"सांगायचं ना मग."

मी हात धुवत राहिले. जागा मला मिळाली. मॅडमचे उपकार मी जन्मभर मानीन, पण त्या कोऱ्या प्लेटा पाहताना त्याचा उतरलेला चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं.