मुत्सुंगूचं फळ

म्बोजेने आयुष्यात मुत्सुंगूच्या झुडपाकडे कधी पाठ केली नाही. त्याच्यावर नजर ठेवूनच ती पुढे जायची. बांबा गावाच्या रानात, लाल मातीत, ते जागोजाग उगवतं. पांढऱ्या-गुलाबी फुलांचा वास इतका गोड, की नव्या सुना माळायला हात लावतात. म्बोजे तो हात खाली ओढायची.

तिचे वडील बाणांचं विष शिजवत. या झुडपाचं लाकूड वस्तीपासून दूर उकळत आणि आंघोळ केल्याशिवाय लेकरांना शिवत नसत. विष तयार झालं का, हे बघायला पायाला चीर देऊन रक्ताचा ओघळ खाली येऊ देत आणि त्याच्या टोकाला विष लावत. काळेपणा रक्तातून वर चढे. जखमेपर्यंत पोचण्याआधी ते पुसून टाकत. लहानग्या म्बोजेने हे एकदाच पाहिलं. फळ कच्चं असलं की विषारी, पूर्ण पिकलं की गोड; गावची पोरं मुत्सुंगूची पिकली फळं आवडीने खात. तिने कधी तोंडाला लावली नाहीत.

त्या दुपारी नात कादझो रानातून आली ती पोट धरूनच.

"काय खाल्लंस गं?"

"मुत्सुंगू."

"पिकलेलं की कच्चं?"

"गोड होतं… बहुतेक."

म्बोजेने पोरीची मूठ उघडली. आत एक फळ, अर्धं जांभळं, अर्धं हिरवट.

"सिदी, मोटारसायकलवाल्याला हाक मार! धाव!"

सून धावली. म्बोजेला वडिलांचे शब्द आठवले: कडू लागलं तर विष आहे, थुंकून टाक. तिने फळ दातांनी फोडून जिभेच्या टोकाला लावलं.

कडू. तोंड बधिर करणारं कडू.

ती थुंकली, थुंकतच राहिली. तेवढ्यात कादझोला भडाभडा उलटी झाली.

सिदी परतली. "आई, तुमच्या ओठांना काय लागलंय? तुम्हीही खाल्लंत? आता मी कुणाकुणाला सांभाळू?"

"मला सोड, तिला उचल!"

मोटारसायकलवर दोघींच्या मध्ये कादझो. खड्ड्यांतून दवाखान्यापर्यंत म्बोजेने तिच्या छातीवरचा तळवा हलू दिला नाही. हे विष काळीज बंद पाडतं; ठोका चुकला, असं तिला सारखं वाटे.

पोर वाचली. दुसऱ्या दिवशी खाटेवर उठून बसली आणि म्हणाली, "आजी, सिमा दे. भूक लागलीय."

म्बोजेने मक्याच्या त्या घट्ट उकडीचा घास भरवला, पण एकाच हाताने. डावा तळवा अजून पोरीच्या छातीवर होता.