कोळशाच्या रेघा

तुमच्या घरची चूल किती फुंकांत पेटते, हे तुम्हाला सांगता येईल? तुम्ही म्हणाल, आता गॅस आला. पण चूल होती तेव्हा तरी कधी मोजलं होतं का? केसरमावशीने मोजलं होतं. आणि त्याबद्दल मला तिचा हेवा वाटतो, आजही.

केसरमावशी मूळची वाटूरची. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात ती कामाला होती. पावसाळ्यात ओल लागलेल्या गोण्यांवर हिरवी-काळी बुरशी धरायची. बायकांनी त्या गोण्या झटकायच्या आणि मशीनजवळ बसून बियाण्याला गुलाबी औषधाची भुकटी चोळायची. नाकाला काय, तर पदर. दोन हंगामांत मावशीची छाती घरघरायला लागली. शेवटी तर गोदामाच्या दाराशी आलं तरी तिचा श्वास अडकायचा. कंपनीने तिला घरी बसवलं. माझे बाबा कामगारांचे खटले चालवायचे; त्यांनी तिच्या वतीने भरपाईचा दावा लावला. दावा जिंकायचा तर एकच गोष्ट सिद्ध करायची होती: हा आजार गोदामाने दिला.

मी त्या वेळी वीस वर्षांची होते. पत्रकांच्या शाईच्या वासात वाढलेली. मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, त्यात ‘फुप्फुसे सडलेल्या केसरबाई’ असे शब्द होते, आणि ते गोदामाच्या फाटकावर स्वतः वाटलं.

मग आमच्याकडच्या माणसांची नेहमीची चूक झाली. कोर्टात जायचं म्हणून मावशी न्हाऊन, तेल लावून, भाचीच्या लग्नातलं हिरवं लुगडं नेसून आली. ‘चांगलं नेसून या,’ असं बाबांनीच सांगितलं होतं. काम सुटून महिना झाला होता, चेहऱ्यावर तकाकी आली होती. सरकारी डॉक्टरांनी आदल्याच दिवशी तपासून लिहिलं होतं, छाती मोकळी. कंपनीच्या वकिलाने माझं पत्रक मोठ्याने वाचलं आणि मावशीकडे बोट केलं.

“सडलेल्या त्या ह्याच का?”

लोक हसले. मग तो म्हणाला, “थोडाफार खोकला असेलही. चुलीचा धूर आहे तो.”

मावशी शांतपणे म्हणाली, “चूल तर सुट्टीलाबी तीच व्हती, साहेब.”

त्या एका वाक्यावर बाबांनी वळून मावशीकडे पाहिलं. कोर्ट सुटल्यावर ते घरी आले नाहीत. सरळ मावशीच्या खोलीवर गेले. मी मागे मागे.

चुलीमागची भिंत कोळशाच्या रेघांनी भरलेली होती. एका ओळीत एक दिवस, एक फुंक म्हणजे एक रेघ. सुट्टीच्या ओळीपुढे कुंकवाचं बोट.

“हे कशापायी, मावशी?” बाबांनी विचारलं.

“घरधनी म्हणायचा, नाटक करून राह्यली. मंग म्हटलं, भिंतीलाच इचारू. चूल तीच, कापसाच्या पऱ्हाट्या त्याच, फुंकणी तीच. कामाहून आले की अकरा-बारा फुंका लागायच्या, सुट्टीला चार-पाच. अजून काय सांगू, भाऊ?”

बाबा भिंतीपुढे किती वेळ उभे होते! माझं कुठलंही पत्रक त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं नव्हतं. मी कुजकटपणे म्हणाले, “तिला लिहिता तरी येतं का?”

“म्हणून तर जास्तीचं काही लिहिलेलं नाही,” बाबा म्हणाले, आणि माझ्या हातात वही दिली. “उतरून घे.”

दात-ओठ खात मी रेघा उतरवायला बसले. एका ओळीशी थबकले. पुढे कुंकू नाही, म्हणजे कामाचा दिवस. आणि रेघा फक्त चार. मी ती ओळ सोडून पुढे गेले. मावशी पाठीशी उभी होती. वाचता येत नसलं तरी आपल्या रेघा तिला पाठ होत्या.

“का वं पोरी, ती का टाकून दिली?”

“ती आपल्या विरुद्ध जाते, मावशी.”

“जाऊ दे ना मंग. घडलं ते घडलं. लिव्ह बराबर.” आणि म्हणाली, “त्या रोजी लाइट गेल्ती. मशीन बंद, आत अंधार. आमाला बाहेर लिंबाखाली गोण्या शिवाया बशिवलं व्हतं.”

मी लिहिलं.

पुढच्या तारखेला बाबांनी कंपनीचंच मशीनचं रजिस्टर मागवलं. कामाच्या शेवटच्या दिवसापासून ओळी मागे मोजत आम्ही काढलेल्या तारखेसमोर कंपनीच्या माणसाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: वीज नाही, मशीन बंद. मावशीने घडवून आणलेली रेघ नव्हती ती. गोदामातून बाहेर बसल्याबरोबर तिची छाती मोकळी झाली होती, एवढंच. डॉक्टरांनीही मग सांगितलं की महिनाभर लांब राहिल्यावर छाती मोकळी सापडावी, हे याच आजाराशी जुळतं. दावा मंजूर झाला. जी ओळ मी गाळणार होते, तिनेच तो जिंकून दिला.

मावशी भावाकडे वाटूरला गेली. फवारणीच्या दिवसांत मात्र तिला रानात जाता येत नसे. औषधाच्या वासानेच दम लागायचा. निघताना मला म्हणाली, “तू लई झ्याक लिव्हतीस, पोरी. पर जरा कमी लिव्ह.”

बाबा गेल्यावर त्यांची पेटी उघडली. माझं एकही पत्रक त्यात नव्हतं. ती वही होती, फडक्यात गुंडाळलेली. मी रडले, आणि खरं सांगते, ते रडणं निम्मं हेव्याचं होतं.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही धुळीत, बुरशीत, औषधात काम करत असाल, तर माझ्या पत्रकांवर विसंबू नका. आज संध्याकाळपासून भिंतीवर रेघ ओढा. जिना चढताना किती पायऱ्यांवर दम लागतो, ते मोजा. कामाच्या दिवशी मोजा आणि सुट्टीच्याही. आणि जी रेघ तुमच्या विरुद्ध जातेय असं वाटेल, ती सगळ्यात आधी लिहा.