आधी पाठ

कोमट तिळाच्या तेलाचा वास आला की मला अजून त्या बाई आठवतात. बाळंतपणाला मी अमरावतीला माहेरी होते, तेव्हा माझ्या लेकीला न्हाऊ घालायला त्या यायच्या. नाव कधी विचारलंच नाही. सगळे मालीशवाल्या बाईच म्हणायचे. पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळाला पायांवर पालथं घ्यायच्या आणि तेलात बोटं बुडवण्याआधी उजेडात त्याची पाठ निरखायच्या.

पहिल्याच दिवशी त्या थबकल्या. लेकीच्या कमरेशी, बरोबर मणक्यावर, काळ्या केसांचा झुबका होता आणि खाली खळी. आई कौतुकानं म्हणाली, "लक्ष्मीचं लक्षण आहे ते." ती तिथं रोज काजळाची तीट लावायची.

बाईंनी तेलाची वाटी बाजूला सारली. "काकू, आधी डाक्टरले दाखवा. एका पोराच्या पाठीवर असंच होतं. मीच त्याच्या मायले मनलं, शकुनाचं हाय. वरून रोज तेल चोळलं. ते पोरगं अजून चाललं नाई."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. पण तपासणीत निघालं, मज्जारज्जू खाली अडकलेला होता. काही महिन्यांत ऑपरेशन झालं. आता लेक अकोल्यात आमच्या अंगणात लंगडी खेळते.

परवा भावाला मुलगी झाली. नाक कोणावर गेलंय, यावर सगळ्यांचा वाद रंगला होता. मी तिला अलगद पालथं केलं आणि खिडकीपाशी नेलं.