गॅलरीपर्यंतचं तळं

चपलांचं कपाट आवरताना आज बाबांचे पांढरे बूट हाती लागले. तळ पार झिजलेले, पण खाचांत मातीचा कणही नाही. कपडे धुवायच्या साबणाचा वास मात्र अजून येतो. त्या वासासरशी मी लॉकडाऊनमधल्या वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांत जाऊन पोचले.

बाबांनी तेव्हा अंथरूण धरलं होतं. आजार काही नव्हता, नुसती धास्ती. दिवसभर टीव्हीवरच्या बातम्या बघायचे. जेवण दोन घासांवर आलेलं.

सत्तरीच्या आईने त्यांना एकदाही "उठा" म्हटलं नाही. तिने फिरायचे बूट धुतले, इस्त्रीची साडी नेसली, पावडर लावली आणि लॉकडाऊनआधी रोज फिरायला निघताना सांगायची तसंच सांगितलं, "तळ्यावर जाऊन येते हो."

मग स्वयंपाकघर ते गॅलरी झपाझप फेऱ्या. मला हसू यायचं. आता माझेच गुडघे कुरकुरतात, तेव्हा कळतं की रोज असं नटून निघायला केवढी उमेद लागत असेल.

घाम पुसत ती बाबांपाशी बसायची आणि बाहेरून आल्यासारखी खबर द्यायची. "समोरच्या नारळावर घार घरटं बांधतेय." बाबा कूस बदलायचे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा निघायची.

एका सकाळी ती निघाली, तेवढ्यात पलंगावरून आवाज आला, "अगं, थांब जरा. माझे बूट कुठे आहेत?"

"पलंगाखाली," आई म्हणाली. "माझ्याबरोबर तुमचेही धुतले होते, पहिल्याच दिवशी."