डोळ्यांत जाणारा सूर्य

रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याच्या ओल्या दोराचा वास आला की मला सातवीतला निबंध आठवतो. विषय होता सूर्यास्त, आणि वर्गातला एकच निबंध सावंतवाडीच्या स्पर्धेला जाणार होता. मी गाईडमधला ‘सोन्याचा गोळा’ वळणदार अक्षरात उतरवून ऐटीत उभा राहिलो. बाईंनी वही मिटली आणि पुस्तकी मराठी सोडून विचारलं, “काल सांजेक खंय होतंस रे?” “रापण ओढी होतंय, बाई.” “मगे सूर्य दिसलो?” “तो डोळ्यांत जाता! कधी एकदा बुडता आणि जाळ्यात काय गावला ता दिसता, असा होता.” “मगे ताच लिही!” मी लिहिलं, आणि माझाच निबंध गेला. बक्षीस मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी सोन्याच्या गोळ्याला मिळालं. पण तेव्हापासून आमच्या घरात गोष्ट सांगायची ती मीच, कुणी मागो न मागो.