खालच्या काकांचं प्रस्थान

आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका साताऱ्याकडचे. बेल वाजवणं त्यांना जमत नाही. जिन्यातूनच खाकरतात आणि सरळ आत येतात. गावी जायचं तिकीट शनिवारचं आणि मुहूर्त गुरुवारचा असला, की गुरुवारीच रुमालात तांदूळ-सुपारी बांधून आमच्या कपाटात ठेवायचे. "प्रस्थान ठेवलंय बरं का!" वस्तू घराबाहेर पडली की माणूस निघाला असं धरायचं, ही जुनी रीत. शब्दाची फोडही करून सांगायचे. "प्र म्हंजे पुढं, स्था म्हंजे उभं ऱ्हानं. आपल्या आधी आपलं कायतरी पुढं जाऊन उभं ऱ्हातंय."

गेल्या वर्षी पुरचुंडी ठेवली आणि गुडघ्याने दगा दिला. तिकीट रद्द झालं. पुरचुंडी मात्र त्यांनी नेली नाही. ठेवलेलं प्रस्थान माघारी नेत नाहीत म्हणे. "मी प्रवासातच हाय," असं सांगून रोज संध्याकाळी आमच्याकडे चहाला यायला लागले. आधी मला वैताग यायचा. मग साडेपाच वाजले की हात आपोआप आधण ठेवू लागले.

या महिन्यात आम्ही ऐरोलीला राहायला निघालो. टेम्पो भरून झाल्यावर मी पुरचुंडी द्यायला खाली गेले, तर काकांनी हात मागे घेतले.

"तुमच्यासंगं न्या."

"अहो काका, ऐरोली साताऱ्याच्या उलट्या दिशेला!"

"ठावं हाय की. आता तुमच्याकडंच यायचंय."